माळ्यावरच्या तबकड्या आणि त्यांचे दप्तर

रोह्याला अगदी लागून वरसे हे गाव आहे. तेथे माझ्या ओळखीच्या एका घराचे काम निघाले. जुने कौलारू घर उतरवून स्लॅबचे घर बांधायचे, म्हणजे आधी माळा रिकामा करणे आले. माळ्यावर काय नसते! फुटके रांजण, झिजलेला पाटा, जुनी पंचांगे, आणि त्या सगळ्याच्या मागे एक लोखंडी ट्रंक. ट्रंकेत काळ्या तबकड्या निघाल्या. घरातल्या आजी मला म्हणाल्या, "सर, ह्या फोनोच्या रेकॉर्डी. आमच्या मामंजींनी मुंबईहून आणलेल्या. फोनो कधीचाच मोडला. आता ह्या वाजवायच्या कशावर? तुम्ही इतिहास शिकवता ना, मग बघा काही उपयोग होतो का. नाहीतर पोरं उचलून टाकतील."

मी ती ट्रंक घरी नेली नाही. चार रविवार त्यांच्याच पडवीत बसलो आणि एका लांबट वहीत यादी केली. तबकड्या निघाल्या अठ्ठावन्न. त्यांतल्या सात तडकलेल्या. हे काम करताना मला जे कळले, ते आज आपल्याला सांगावे असे मनात आहे. कारण अशा ट्रंका आपल्या कोकणात, देशावर, गोव्यात, अजून कितीतरी घरांत असतील. रोह्याला रेल्वे आली १९८६ साली. त्याच्या कितीतरी आधी गिरणीतला चाकरमानी गणपतीला गावी येई, तेव्हा एखाद्याच्या सामानात फोनोची पेटी असे आणि सारी आळी तिच्याभोवती जमे.

आता हे मुद्रण आपल्याकडे आले कधी? विलायतेच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा तरुण १९०२ साली जहाजाने कलकत्त्याला उतरला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, हॉटेलातल्या एका खोलीत यंत्र मांडून त्याने गाणी मुद्रित केली. प्रसिद्ध गायिका गौहर जान त्याच वेळी गायल्या. त्या काळी विजेचा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरीत जायची. सगळा खेळ सुमारे तीन मिनिटांचा. ज्या गवयाला राग मांडायला तास लागे, त्याने तीन मिनिटांत आटपायचे!

गौहर जानच्या जुन्या तबकड्या ऐकल्या, तर गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव पुकारते. पुष्कळांना तो नखरा वाटतो. पण त्यामागे व्यवहार होता. कोरलेली मेणे जात जर्मनीत, हानोव्हर शहरी, आणि तेथे त्यांवरून तबकड्या निघत. तेथल्या कारागिराला ना हिंदी येई, ना मराठी. कोण गायले हे त्याला कळावे म्हणून गायकाने नाव सांगायचे. म्हणजे ओळख पटवण्याचा हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचाच आहे. आम्ही वरसेच्या पडवीत बसून नवीन काही काढले नाही. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना झाला, आणि हानोव्हरची वारी संपली.

गैसबर्ग आला १९०२ साली. आपले भाऊराव कोल्हटकर गेले १९०१ साली. ज्यांच्या गळ्याच्या गोष्टी आजोबा-पणजोबांनी सांगितल्या, त्यांचा आवाज एका वर्षाने हुकला. तिथे कोणाचा इलाज नव्हता. पण भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते. मुद्रणाची सोय होऊन वीस वर्षे झाली होती, तरी त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. 'स्वयंवर' नाटक १९१६ साली रंगभूमीवर आले, त्याच्या पदांच्या चाली भास्करबुवांच्या. त्या चाली आपण ऐकतो त्या त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या तबकड्यांतून. गुरूचा आवाज गेला, शिष्याच्या तबकडीत चाल राहिली. मला तर नाट्यसंगीताच्या इतिहासात याहून मोठी हळहळ वाटत नाही.

म्हणून जे राहिले आहे ते कोणते, कोणाचे, कधीचे, हे लिहिलेले असले पाहिजे. आणि इथेच पहिली अडचण येते. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर, म्हणजे लेबलवर, नाव असते. पण त्या नावावर सगळा भरवसा ठेवता येत नाही. एकाच गायकाचे नाव रोमन अक्षरांत तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापलेले. बालगंधर्वांनी तर काही पदे आयुष्यात एकाहून अधिक वेळा मुद्रित केली. लेबलवर पद तेच, नाव तेच. मग ही तबकडी ऐन उमेदीतली की उतारवयातली? अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट पाहा. त्यांचे पहिले मुद्रण १९०५ च्या सुमाराचे आणि शेवटचे १९३० नंतरचे. मध्ये जवळजवळ तीस वर्षे. माणूस एक, पण गाणे किती बदलले असेल! ते बदलले कसे हे सांगायचे, तर कोणती तबकडी आधीची, हे आधी ठरले पाहिजे.

ते ठरवते एक बारीकसा नंबर. लेबलच्या बाहेर, जिथे रेघा संपतात, तिथे गुळगुळीत काळ्या पट्टीवर काही आकडे दाबलेले असतात. उन्हात तबकडी तिरपी धरली की दिसतात. हा मूळ मुद्रणाचा नंबर. याला जाणकार 'मॅट्रिक्स नंबर' म्हणतात. लेबलवर छापलेला नंबर वेगळा, तो विक्रीचा. तेच गाणे पुढे दुसऱ्या लेबलवर काढले की विक्रीचा नंबर बदलतो, मुद्रणाचा बदलत नाही. जमिनीचा सर्व्हे नंबर आणि घराची पाटी यांत जो फरक, तोच इथे समजा. पाटी कोणीही बदलावी. कंपन्यांच्या वह्यांत हे नंबर ओळीने असत, म्हणून त्यांची ओळ लागली की साल आणि गाव यांचा माग लागतो. मायकेल किनियर नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी हे चिवट काम वर्षानुवर्षे केले. १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची त्यांची यादी १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. परदेशच्या माणसाने आपल्या गाण्याची वंशावळ लिहावी याचे कौतुक वाटते, आणि थोडी लाजही वाटते. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम आणि तिचे नियतकालिक नेटाने चालवले. तेव्हा घरचे कोणीच नव्हते असे नाही.

आता माझी एक फजिती सांगतो. कॉलेजात शिकत असताना मला एक तबकडी मिळाली होती. धुळीने माखलेली. मी शहाणपणाने कापसावर स्पिरिट घेतले आणि चांगली घासली. काळे पाणी निघाले, मला वाटले मळ निघतो आहे! वाळल्यावर तिच्यातून खरखरीशिवाय काही ऐकू येईना. आमच्या शेजारी एक सुतार होते, ते पोट धरून हसले. म्हणाले, "अरे, ही चपड्याची. आम्ही चपडा स्पिरिटात विरघळवूनच पॉलिश करतो की!" खरेच आहे. जुनी तबकडी म्हणजे चपडा लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांचा लगदा. लाख बहुतेक आपल्याच देशातून जगभर जाई. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्या नव्या केल्या. त्यात काय काय दळले गेले असेल कोण जाणे. मी एकच विरघळवली, तरी ती अजून आठवते.

तेव्हा स्पिरिट नको. साधे पाणी, मऊ फडके, फार तर सौम्य साबणाचा थेंब. लेबल भिजू द्यायचे नाही, आणि सावलीत उभी करून वाळवायची. ऊन लागले की ती पापडासारखी वाकते. ठेवायची तीही उभी, वहीसारखी. आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. वरसेच्या ट्रंकेतल्या सातही खालच्याच होत्या. कागदी पाकिटे आमच्या दमट हवेने कुजली होती आणि झुरळांनी खाल्ली होती. ती बदलली, पण बदलण्यापूर्वी त्यांवर छापलेले दुकानाचे नाव नि गाव वहीत उतरवून घेतले. तबकडी कुठून आली याचा तेवढाच पुरावा.

यादी गायकांच्या नावाने लावावी असे आधी वाटले. दोन पाने झाली आणि गाडे अडले. तबकडीला बाजू दोन. एका बाजूला एक गायिका, पाठीमागे दुसराच कोणी. तिला ठेवायची कुठे? शेवटी तबकड्या लावल्या कंपनी आणि नंबर यांच्या क्रमाने, आणि गायकांची सूची मागे वेगळी केली. प्रत्येक बाजूला स्वतंत्र ओळ. ओळीत कंपनी, लेबलचा रंग, दोन्ही नंबर, गायक, पद कोणत्या नाटकातले, साथ कोणाची, तबकडीची स्थिती. लेबलवर आहे तसेच लिहायचे, चुकीसकट. आपली दुरुस्ती शेजारी. शिक्षक मंडळींना हे निराळे सांगायला नको. मोडी कागदाची नक्कल करतानाही हाच नियम.

यादीत भजने निघाली, नाट्यपदे निघाली, विनोदी नकला निघाल्या. 'यंग इंडिया' या लेबलच्या काही निघाल्या. ही कंपनी १९३५ च्या सुमारास मुंबईत निघाली होती. नामवंत गवई मोठ्या कंपन्यांशी बांधलेले, म्हणून तिने नवख्यांना पुष्कळ संधी दिली. अशी नावे ग्रंथांत सापडत नाहीत. ती ह्या तबकड्यांवरच आहेत.

एक गोष्ट आजींना सांगितली तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तिच्यात जगभरच्या संगीताबरोबर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने ती सुचवली. पण मूळ रेकॉर्ड बाजारातून केव्हाच गेलेली. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात मिळाली, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात. खोक्यात ती होती म्हणून मिळाली हे खरे. पण कोणती हवी हे ब्राउन यांना नेमके ठाऊक होते, म्हणून शोधली गेली. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या.

आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ट्रंक टाकायची नाही तर!" त्यांच्या दोन मुलांनी तबकड्या वाटून घ्यायचे ठरवले होते, तेही राहिले. नव्या घरात जिन्याखाली एक फडताळ त्यांच्यासाठी ठेवले आहे. वहीची एक प्रत तिथे आहे, एक माझ्याकडे.

एका तबकडीचे लेबल मात्र वाळवीने पुरते खाल्ले आहे. मित्राकडच्या यंत्रावर ती लावून पाहिली. बाईचा आवाज, मराठी पद, मागे सारंगी आणि तबला. आजींनी कान देऊन ऐकले आणि म्हणाल्या की मामंजी ही रोज संध्याकाळी लावत. पण नाव काही त्यांना आठवेना. यादीत तिची ओळ एकेचाळिसावी. गायिकेचा रकाना कोरा आहे. मुद्रणाचा नंबर बॅटरीच्या उजेडात वाचून लिहून ठेवला आहे.