पहिला कॉम्प्युटर, आताचा कॉम्प्युटर आणि मधल्या मधे हरवलेली मराठी

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

दिवाळीत आमच्या देवळीत पुण्या-हैदराबादेतले पोट्टे घरी येतात. सॉफ्टवेअरवाले. कापसाचा भाव, नवीन रेल्वे, कोणाचं लग्न जमलं हे बोलून झालं की गाडी त्यांच्या धंद्यावर येते. यंदा विषय निघाला तो 'तुझा पहिला कॉम्प्युटर कोणता' असा. हिंजवडीतला एक म्हणाला, "माझा फोर-एट्टी-सिक्स. आठ एमबी रॅम. आता लॅपटॉपला बत्तीस जीबी आहे." मी विचारलं, किती पट झालं? तो तोंडपाठ बोलला, "चार हजार शहाण्णव पट, भाऊ."

आमच्यात एक शिक्षक होते, पंचावन्नच्या पुढचे. त्यांनी शाळकरी वयात बीबीसी मायक्रो पाहिलेला. १९८४च्या सुमारास केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून निवडक शाळांना ही इंग्लंडची यंत्रं दिली होती. मेमरी ३२ केबी. एमबी नाही, केबी. बूट-चपला बाहेर काढून, रांगेने आत जाऊन, एकेकाने एक बटण दाबायचं. मास्तर म्हणाले, "देवघरात जातो तसं जात होतो आम्ही."

हा मोजमापाचा खेळ मजेशीर आहे, म्हणून मी घरी येऊन तो आणखी मागे नेला.

आपल्या देशात बनलेल्या सुरुवातीच्या मोठ्या कॉम्प्युटरांपैकी एक मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने तो बांधला, १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नाव ठेवलं. सुमारे २७०० व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. लोखंडी सांगाडा १८ फूट लांब आणि ८ फूट उंच. आणि एवढ्या धुडाची मुख्य मेमरी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबात १० केबी. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा गुलाबाचा 'सुप्रभात' त्याहून दहापट तरी मोठा असतो. तुम्ही वाचताय ती ही पोस्ट टिफ्रॅकमध्ये निम्मीसुद्धा मावली नसती. असो, त्यावर शास्त्रज्ञांनी खरं काम केलं हे विसरू नका. आपण बत्तीस जीबीवर काय करतो ते आपल्यालाच माहीत.

दुसरं यंत्र आपल्या विदर्भाच्या माणसाचं. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. अमेरिका मोठा सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ करत होती, तेव्हा सरकारने १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था काढली आणि भटकरांच्या हाती दिली. १९९१मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. एकच महागडी चिप घेण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिप्स शेजारी शेजारी जोडायच्या आणि काम वाटून द्यायचं, ही त्यातली युक्ती. दिंडणीला दहा बाया एकदम वावरात उतरवतात तसं. २५६ नोडच्या यंत्राची कागदावरची कमाल सेकंदाला १०० कोटी गणितं. आज कागदावरच्याच आकड्याला आकडा लावला तर खिशातला मोबाईल त्याच्या पुढे निघतो.

इथवर सगळं छान आहे. 'बघा, किती प्रगती झाली' म्हणत बहुतेक लेख इथे थांबतात. माझी गोष्ट इथून पुढे आहे.

त्या रात्री हिंजवडीवाल्याने लॅपटॉपवर एक फोल्डर उघडलं. कॉलेजात असताना त्याने सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम. फ्लॉपीवरून हार्ड डिस्कवर, तिथून सीडीवर, तिथून पेन ड्राइव्हवर असा प्रवास करत आलेला. पंचवीस वर्षं होत आली. फाईल एका क्लिकमध्ये उघडली, अक्षर न् अक्षर शाबूत. म्हणाला, "वरची एक ओळ काढली की चालते पण." मग मला म्हणतो, "भाऊ, तुमच्या त्या वेळच्या बातम्या असतील ना? काढा ना एखादी."

माझ्याकडे आहेत. २००२पासूनच्या आहेत. पण त्या वाचता येत नाहीत.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी कामाला लागलो तेव्हा बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि नागपूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायची. फोटोचा रोल त्याच पाकिटात. मग आमच्या इथल्या एका डीटीपीच्या दुकानात मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर बातमी टाइप केली. पेजमेकर, श्रीलिपी, डोक्यावर खरखरणारा पंखा आणि भारनियमन. यूपीएस किंचाळायला लागला की ऑपरेटर ओरडायचा, "सेव्ह करा, सेव्ह करा!" पुढे त्याच दुकानात आम्ही स्थानिक साप्ताहिकाची पानं लावली, नगर परिषदेच्या जाहिराती बसवल्या, निवडणुकीची पत्रकं काढली. कापसाच्या त्या वाईट वर्षांत गावोगाव फिरून मी नावांच्या याद्या केल्या, त्याही तिथेच टाइप झाल्या. जुलै २००६मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, आपल्या जिल्ह्यातल्या वायफडला शेतकऱ्यांना भेटले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, ते दिवस. मोठ्या पेपरांना तेव्हा आकडे हवे होते. आमच्या याद्यांमध्ये नावं होती, गावं होती, सोसायटीचं कर्ज किती आणि सावकाराचं किती हे होतं.

त्या फाईली आज उघडल्या की पडद्यावर येतात ती टिंबं डोक्यावर घेतलेली इंग्रजी अक्षरं, मधेच डॉलरचं चिन्ह, मधेच उलटं प्रश्नचिन्ह.

काऊन असं? कारण त्या काळचा मराठी फॉन्ट हा एक वेषांतराचा प्रकार होता. कॉम्प्युटरला वाटायचं की आपण इंग्रजीच साठवतोय. फक्त 'ए'च्या जागेवर दाखवताना एखाद्या मराठी अक्षराचं चित्र काढायचं. कोणत्या इंग्रजी खुणेला कोणतं मराठी चित्र, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवलं. श्रीलिपीचं वेगळं, आकृतीचं वेगळं, कृतिदेवचं वेगळं. फॉन्ट असेल तर मराठी दिसणार, फॉन्ट गेला की सोंग उतरलं. माझ्या मित्राचा प्रोग्राम टिकला तो इंग्रजी खुणांत होता म्हणून. त्या खुणांचं 'आस्की' नावाचं कोष्टक अमेरिकेत १९६३ सालीच ठरलं आणि पुढे बहुतेक सगळ्यांनी ते पाळलं. 'ए' म्हणजे ६५, जवळपास कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर.

आता खरा चटका लावणारा भाग. आपल्याकडे हे कोणाला सुचलं नव्हतं असं अजिबात नाही. आयआयटी कानपूरला ऐंशीच्या दशकात याच प्रश्नावर काम झालं आणि ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. म्हणजे जिथे परम बनला तिथेच. त्यांनी 'जिस्ट' नावाचं कार्ड बनवलं. ते कॉम्प्युटरात बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. आणि त्यामागे 'इस्की' हे भारतीय कोष्टक होतं, १९९१मध्ये ते भारतीय मानक झालं. त्यात 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जायचा, चित्र म्हणून नाही. जगाचं युनिकोड आलं तेही १९९१मध्येच, आणि त्यातला देवनागरीचा तक्ता आपल्या १९८८च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे.

म्हणजे बरोबर उत्तर पुण्यात होतं. पुण्याहून ते जगात गेलं. आणि आमच्या देवळीत पोचायला त्याला वीस वर्षं लागली.

दोष कोणाला द्यायचा? डीटीपीवाल्याला मी देणार नाही. त्याला संध्याकाळपर्यंत लग्नपत्रिका द्यायची असायची. फॉन्ट देखणे होते, छपाईत सुबक दिसायचे, आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टाइपरायटरवर घडलेली बोटं तोच रेमिंग्टन कीबोर्ड मागायची. पेजमेकरला तर युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही. २००१ची सातवी आवृत्ती शेवटची, पण आमच्याकडे ती त्यानंतरही कैक वर्षं चालली. विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोय झाली होती खरी. एक्सपीमध्ये मात्र ती कंट्रोल पॅनेलात शिरून सुरू करावी लागे आणि मशीन मूळ सीडी मागे. मूळ सीडी! आमच्या तालुक्यात मूळ सीडी कोणी पाहिली होती?

माझा राग आहे तो सरकारवर. याच काळात एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं, नोकरीसाठी ते सक्तीचं झालं. लाखो मराठी माणसं त्या वर्गांतून गेली. सरकारने तेव्हाच ठणकावून सांगितलं असतं की सरकारी जाहिरात, टेंडर, परिपत्रक इस्की किंवा युनिकोडमध्येच घेऊ, तर कंपन्या दोन वर्षांत सरळ झाल्या असत्या. उलट खुद्द सी-डॅकच्या आयएसएम पॅकेजमध्येही चित्रांचेच फॉन्ट होते आणि सरकारी कचेऱ्या तेच वापरत होत्या. युनिकोडचे आदेश पुढे निघाले. आजही एखादा शासन निर्णय उघडून त्यातला परिच्छेद कॉपी करून पाहा, कधी कधी काय बाहेर येतं ते.

युनिकोडही सुरुवातीला आपल्यासाठी पुरतं नव्हतं, हेही सांगून टाकतो. मराठीचा 'ॲ' त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून २००८मध्ये आला. तोवर 'ॲडव्होकेट' लिहायला आम्ही काय काय जुगाड केले ते वकील मंडळींनाच विचारा. मोबाईलवर आणखी वेगळी तऱ्हा. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० अक्षरांचा. पैसे तेवढेच. मग लोक 'kasa' न लिहितील तर काय, म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी. ती सवय अजून गेलेली नाही.

मागच्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या नवऱ्याने २००६च्या हंगामात जीव दिला. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. आता ती शिकतेय, बापाबद्दल विचारते. बाई म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा लिहिलं होतं ना भाऊ, ते पोरीले दाखवाचं आहे." सीडी सापडली. फाईल सापडली. फाईलीत त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, पण ते त्या वेषांतरात. नाव टाकून शोधावं तर मशीन म्हणतं, असं काही नाहीच.

मी मग कन्व्हर्टरवर दोन रात्री घातल्या. असे कन्व्हर्टर फुकट मिळतात आणि बरंच काम करतात, पण अडतात. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर. 'स्थिती'सारखा शब्द आला की वेलांटी अख्खं जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. कन्व्हर्टर मधेच कुठेतरी टाकून देतो. रफार तर उड्या मारत दुसऱ्याच अक्षरावर बसतो. आकडे बरे निघतात. माणसांची नावं बिघडतात, कारण नाव तपासायला कोणताही शब्दकोश कामाला येत नाही.

बातमी शेवटी छापील अंकात सापडली. एका वर्गणीदाराने माळ्यावर गठ्ठा बांधून ठेवला होता. कडा उंदराने खाल्लेल्या, पण मजकूर लख्ख. मुलीने मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला.

वर्ध्याला मगन संग्रहालयात जाऊन या. गांधीजींच्या हस्ते १९३८मध्ये ते सुरू झालं. जुने चरखे तिथे नीट जपून ठेवलेत. आमचा डीटीपीवाला कॉम्प्युटर मात्र भंगारवाल्याने किलोने नेला, हार्ड डिस्कसकट. आणि आता तरी काय वेगळं चाललंय? सातबारा मोबाईलवर येतो, तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही, हे मोठंच काम झालं, मी नाकारत नाही. पण तालुक्याच्या बातम्या आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत असतात आणि फोन बदलला की जातात. एखादा पोट्टा उत्साहाने न्यूज पोर्टल काढतो, दोन वर्षांनी डोमेनचे पैसे भरत नाही, की सगळं एका रात्रीत गायब. युनिकोडमध्ये असूनही गायब.

हिंजवडीवाल्याने त्या रात्री माझ्या चार फाईली नेल्या. श्रीलिपीच्या माझ्या आवृत्तीचं कोष्टक तो स्वतः बसवून पाहतोय. गेल्या आठवड्यात त्याने एक यादी पाठवली. ४१ नावांपैकी ३६ बरोबर होती, पाच मी त्या गावांतल्या लोकांना फोन करून दुरुस्त केली.

तर देवळी-पुलगावकडच्या ज्यांच्या घरी, प्रेसमध्ये किंवा जुन्या डीटीपीच्या दुकानात १९९५ ते २०१२च्या मधल्या सीड्या, फ्लॉप्या, जुन्या हार्ड डिस्क पडल्या असतील, त्यांनी त्या फेकू नका, मला इथेच मेसेज करा. साप्ताहिकाचे अंक, शाळेचे वार्षिकांक, सोसायटीचे अहवाल, काहीही चालेल. कोणता फॉन्ट होता ते आठवत असेल तर तेही लिहा. आणि सीडी ड्राइव्ह चालू असलेला एखादा कॉम्प्युटर कोणाकडे असेल तर तोही सांगा, कारण पोट्ट्यांच्या बत्तीस जीबीवाल्या लॅपटॉपांना ती सोयच राहिली नाही.