सुरभि चंदनाचा वाद

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांत एकोडी नांवाचें धानाचें गांव आहे. फाल्गुन सरून चैत्र लागला, कीं त्या बाजूस मोहाचीं फुलें गळूं लागतात. पहांटे झाडाखालीं जाऊन बायका-मुलें तीं फुलें टोपल्यांत वेंचतात, आणि वाळत घातलेल्या त्या फुलांचा गोड, किंचित् आंबूस, जड असा वास पुढें कित्येक दिवस घराअंगणांत भरून राहातो. अशा गांवांतला मनुष्य नागपुरास किंवा मुंबईस जाऊन वीस वर्षें लोटलीं, तरी मोह पडूं लागला एवढें कानीं येतांच तो वास त्याला आल्यासारखा वाटतो. वस्तुतः भोंवतालच्या हवेंत त्याचा एक कणही नसतो. मग त्याला जें कांहीं आलें, त्यास काय म्हणावें? वास म्हणावा, आठवण म्हणावी, कीं निव्वळ कल्पना म्हणावी?

हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. आपल्या देशांत त्यावर कित्येक शतकें वाद झाला, आणि अलीकडच्या पंचवीस वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनीं तोच प्रश्न प्रयोगशाळेंत नेला. या दोन इतिहासांची गांठ घालून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गंधाविषयींची आपल्या शास्त्रांतली मूळ भूमिका वैशेषिकांची. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण. तो नाकानेंच कळावयाचा. आणि त्याचे प्रकार दोनच, सुरभि व असुरभि. रंगांस तांबडा, पिंवळा, निळा अशीं नांवें मिळालीं, रसांस सहा नांवें मिळालीं. गंधाला मात्र बरा आणि वाईट यांपलीकडे स्वतःचें नांव फारसें मिळालें नाहीं. अजूनही आपण चंदनाचा वास, ओल्या मातीचा वास, असें वस्तूचें नांव घेऊनच बोलतों. ज्यानें ती वस्तु हुंगलेली नाहीं, त्याला तें नांव ऐकून कांहींच कळत नाहीं.

येथूनच वादाला तोंड फुटलें. दुरून चंदनाचें खोड पाहिलें, कीं ‘हें चंदन सुगंधी आहे’ असें ज्ञान होतें. डोळ्यांस गंध दिसत नाहीं, आणि नाकापर्यंत तो पोंचलेला नाहीं. मग हें ज्ञान आलें कोठून? नव्यन्यायाचा आद्य ग्रंथ म्हणजे मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांचा ‘तत्त्वचिंतामणि’. त्याच्या परंपरेंतील नैयायिक उत्तर देतात, कीं पूर्वीं घेतलेल्या गंधाचें ज्ञानच येथें इंद्रिय आणि विषय यांमधला दुवा होतें. या दुव्यास ते ‘ज्ञानलक्षणा प्रत्यासत्ति’ म्हणतात, आणि त्यापासून होणारें ज्ञान अलौकिक खरें, परंतु प्रत्यक्षच, असें मानतात. वेदान्त्यांस हें पटलें नाहीं. सतराव्या शतकांतील धर्मराजाध्वरीन्द्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’चें म्हणणें असें, कीं चंदनाचा तुकडा तेवढा प्रत्यक्ष, त्याचा सुगंध त्या ज्ञानांत परोक्षच राहातो. एका पक्षाच्या मतें आठवण ही इंद्रियाच्या कामांत शिरते. दुसऱ्याच्या मतें ती इंद्रियाच्या दाराबाहेरच उभी असते. मात्र ज्यानें चंदन कधींच हुंगलें नाहीं, त्याला दुरून त्याचा सुगंध आठवावयाचा नाहीं, याविषयीं दोघांचाही तंटा नव्हता.

आठवण आणि वास यांचा हा शेजार एका शब्दांतही सांपडतो. तीळ फुलांत ठेवले, म्हणजे फुलें काढून टाकल्यावरही त्यांचा वास तिळाच्या तेलांत उतरतो. त्याचप्रमाणें अनुभव सरला तरी चित्तांत त्याचा लेप राहातो. विज्ञानवादी बौद्धांनीं हा दृष्टांत देऊन त्या लेपास ‘वासना’ म्हटलें, आणि योगशास्त्रानेंही संस्काराच्या अर्थीं तोच शब्द वापरला. मराठींत वासना म्हणजे नुसती इच्छा, आणि तीही बहुधा वाईट, असा अर्थ उरला. मूळचा सुवास त्या शब्दांतून उडून गेला.

तिळाफुलांचा हा दृष्टांत कल्पनेंतून निघालेला नाहीं. तो गांध्याच्या दुकानांतून आला आहे. सुगंधी द्रव्यें करण्याची विद्या आपल्याकडे गंधयुक्ति या नांवानें ओळखली जात असे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’त तिला एक प्रकरण दिलें, आणि सोळा द्रव्यांतून चार चार निवडल्यास १८२० मिश्रणें होतात, असा बिनचूक हिशेब मांडला. या विद्येचा एक धागा थेट मराठीपर्यंत येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं गंगाधराच्या ‘गंधसारा’ची पोथी अभ्यासकांच्या नजरेस आणली. त्याच पोथींत अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हा दुसरा ग्रंथ मराठी टीकेसह आहे. हे दोन्ही ग्रंथ आर. टी. व्यास यांनीं संपादिले व १९८९ सालीं ते बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत निघाले. ‘गंधसारां’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. पोथींतली कृति आज कोणासही वाचतां येते, आणि वराहमिहिराचा हिशेब शाळेंतला मुलगाही ताडून पाहूं शकेल. पण त्या मिश्रणांचा वास कसा होता, हें कागदावरून कोणास कळावें? गंधाची पोथी वाचावयास डोळ्यांइतकीच नाकाची आठवण लागते.

आतां प्रयोगशाळेकडे वळूं. नाकाच्या माथ्याशीं ओलसर त्वचेचा एक लहानसा पट्टा असतो. हवेंतले कण तेथील ग्राहकांस चिकटतात. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सल यांनीं १९९१ सालीं या ग्राहकांच्या जनुकांचें मोठें कुटुंब शोधून काढलें, व त्याबद्दल त्यांस २००४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या ठायीं अशीं चालू स्थितींतलीं सुमारें चारशें जनुकें आहेत. तेथून निघालेली वार्ता कवटीच्या चाळणीसारख्या हाडांतून वर चढून गंधकंदांत पोंचते. इतर इंद्रियांच्या वार्ता आधीं थॅलॅमस नांवाच्या चौकींत थांबतात. गंधाची वार्ता ती चौकी टाळून भावनांशीं संबंध असलेल्या अमिग्डालास आणि स्मृतीच्या उंबरठ्यावरील भागांस सरळ जाऊन भिडते. वासानें आठवण एवढी अवचित व एवढी हळवी कां होते, याचें बरेंचसें कारण या आडवाटेंत आहे.

परंतु हवेंत कण नसतांना काय घडतें? २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत लोकांस नुसता वास कल्पावयास सांगितला. तेव्हां त्यांनीं नकळत खराच श्वास ओढला. आणि सुगंध कल्पितांना तो दुर्गंध कल्पितांना ओढला त्यापेक्षां मोठा होता. २००५ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं चांगली गंधकल्पना असणाऱ्या माणसांच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं, तों खरा वास घेतांना जे भाग जागे होतात, त्यांपैकीं कांहीं कल्पनेनेंही जागे झालेले आढळले. त्याच वर्षीं दुसऱ्या एका प्रयोगांत एकच वास एकदां चीजचा म्हणून व एकदां अंगाच्या घामाचा म्हणून दिला. पहिल्या नांवानें तो लोकांस बरा वाटला, दुसऱ्या नांवानें ओंगळ. आणि मेंदूच्या पुढील भागांतील हालचालही नांवाबरोबर पालटली.

यावरून जुन्या वादाचा निकाल लागतो काय? माझ्या मतें तो अर्धा अर्धा लागतो. आठवण इंद्रियाच्या घरांत शिरते, हें नैयायिकांचें म्हणणें मेंदूच्या चित्रांनीं बरेंच उचलून धरलें आहे. परंतु कल्पिलेला गंध हा आलेल्या गंधासारखा नसतो. ग्राहकांना कांहीं चिकटलेलें नसतें, आणि ती खूण बहुतेकांच्या बाबतींत पुसट असते. तेवढ्यापुरतें वेदान्त्यांचें पारडें जड आहे. दोघांना मान्य असलेली अट मात्र जशीच्या तशी टिकली. फ्रान्समधील अत्तरकारांच्या मेंदूंचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गंध कल्पितांना मेंदूची होणारी हालचाल अनुभवाच्या वर्षांप्रमाणें बदललेली दिसली. गंधाची कल्पना ही फुकट मिळणारी देणगी नव्हे. ती हुंगून हुंगून कमवावी लागते.

आणि म्हणूनच एकोडीचा प्रश्न आठवणीच्या गोडव्यापुरता राहात नाहीं. भंडारा-बालाघाटच्या मुलखांत चिन्नोर नांवाचें सुवासिक धान पिकतें. तें उंच वाढतें, उशिरां येतें आणि थोडें पिकतें. १९६६ नंतर अधिक उत्पन्नाचीं बुटकीं वाणें आलीं, तेव्हां शेतकऱ्यानें तीं पत्करलीं यांत त्याचा दोष नाहीं. सुवासिक तांदळाचा वास मुख्यत्वें कोणत्या द्रव्यामुळें येतो, हें १९८२ सालीं रॉन बटरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. त्या द्रव्याचें सूत्र आज पुस्तकांत आहे. बालाघाटच्या चिन्नोरास २०२१ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु मानांकन नांवाचें रक्षण करतें आणि सूत्र द्रव्याचें. वासाचें रक्षण शिजत्या भातावरच होतें.

ज्या घरांत चिन्नोर कधींच शिजला नाहीं, तेथील मुलाला त्याचें नांव म्हणजे नुसतीं तीन अक्षरें. २०२० च्या साथींत पुष्कळांचा वास कांहीं काळ गेला, आणि जेवण बेचव झालें, तेव्हां या उपेक्षित इंद्रियाची किंमत सर्वांस कळली. त्यांचा वास परत येण्याजोगा होता. जो गंध एका पिढीनें घेतलाच नाहीं, तो तिला आठवणार कसा? बांधाच्या कडेला चिन्नोराचा एक तुकडा आणि शिवारांत मोहाचीं चार झाडें राखणें हें शेतीच्या हिशेबांत तोट्याचें दिसेल. पण सुरभि चंदनाचा वाद ज्यानें नीट वाचला, त्याला त्या तुकड्याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाहीं.