नेटवर्क कार्डं कोणी मारली? २००८ सालचा एक तपास

माझ्या संशोधनाचा विषय कर्नल ट्रेसिंग. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा चालू असताना त्यातलं कोणतं फंक्शन कधी चालतं, ते टिपणं. इथे हिंजवडी-खराडीत लिनक्सवर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. आपण नुसतं बघतोय, कशाला हात लावत नाही, असं सगळेच धरून चालतात. पण तसं असतं का? ही जुनी केस बघा.

सप्टेंबर २००८. लिनक्स २.६.२७ ची चाचणी चालू होती. काही मशीनमधली इंटेलची नेटवर्क कार्डं अचानक निकामी व्हायला लागली. क्रॅश झाला तर रीबूट करता येतं. इथे कार्डाची कायमची मेमरीच खराब होत होती. संशय अर्थातच ई-१०००-ई या ड्रायव्हरवर. ९ ऑक्टोबरला २.६.२७ आलं, तेव्हा ड्रायव्हरने ती मेमरी कुलूपबंद केली होती. कार्डं वाचली, पण गुन्हेगार मोकळाच!

तो निघाला एफट्रेस, म्हणजे ट्रेसिंगचंच साधन. एखादं फंक्शन पहिल्यांदा चाललं की एफट्रेस त्याचा पत्ता वहीत नोंदवायचं आणि नंतर तिथे जाऊन कोड बदलायचं. पण मॉड्यूल सुरू होतानाची फंक्शन्स काम झाल्यावर मेमरीतून काढली जातात. समजा, सदाशिव पेठेतला भाडेकरू खोली सोडून गेला, वहीत पत्ता मात्र जुनाच. नवा भाडेकरू कोण? नेटवर्क कार्ड.

आता तुम्ही म्हणाल, बदलण्याआधी एफट्रेस खात्री करत नव्हतं का? करायचं ना! पण त्यासाठी वापरलेली सीएमपी-एक्सचेंज ही सूचना जुळणी फसली तरी लिहितेच: दारावरची पाटी वेगळी निघाली, तरी तेच नाव पुन्हा रंगवून जाते. साध्या मेमरीत याने काही बिघडत नाही. हार्डवेअरच्या रजिस्टरवर मात्र लिहिणं म्हणजेच आज्ञा.

१५ ऑक्टोबरला आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा हा भाग बंद केला गेला. २.६.२८ पासून पत्त्यांची यादी कर्नल कंपाइल होतानाच बनू लागली.

म्हणून ट्रेसिंग चालू असताना मशीन कोसळलं, तर क्रॅशमध्ये ज्याचं नाव दिसतं त्यालाच लगेच धरू नका. आधी ट्रेसर बंद करून बघा. साक्षीदाराचीही उलटतपासणी व्हायला हवी.