चौकोनी नायकाचें साहस

इ. स. १९८० मध्यें अमेरिकेंतील अटारी कंपनीनें ‘अ‍ॅडव्हेंचर’ नांवाचा व्हिडिओ खेळ विक्रीस आणला. वॉरेन रॉबिनेट यानें तो एकट्यानें रचिला. हरवलेला मंतरलेला चषक शोधून सोनेरी किल्ल्यांत परत आणावयाचा, एवढेंच कथानक. सारा खेळ अवघ्या ४,०९६ बाइटांत बसवावा लागला. त्यामुळें नायक म्हणजे केवळ एक चौकोन, आणि त्यास गिळणारे ड्रॅगन पाहावेत तर बदकांसारखे! हें वैगुण्य उघड आहे. परंतु पडद्याच्या कडेपलीकडे दुसरें दालन, त्यापलीकडे तिसरें, अशी ३० दालनांची सलग सृष्टि त्यांत होती. आणि नायकाच्या दृष्टीआड एक वटवाघूळ वस्तु पळवीत असे. न दिसणारें जगहि चालूच राहतें, हा भास हेंच त्या खेळाचें खरें सामर्थ्य.

कंपनी त्या काळीं रचनाकाराचें नांव प्रसिद्ध करीत नसे. रॉबिनेटनें तें एका गुप्त दालनांत लपविलें. जवळजवळ अदृश्य असा एक ठिपका शोधून आणल्यावांचून तेथें प्रवेश नाहीं. तो नोकरी सोडून गेल्यावर एका मुलास तें सांपडलें. चित्रांची उणीव आज कोणासहि दिसेल. परंतु त्याच चार हजार बाइटांत कर्त्याच्या नांवापुरती जागा निघाली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.