मठाच्या जागेचा मनाई हुकूम

शंभर वर्षांच्या या इतिहासात भजन-कीर्तनाबरोबर कोर्टाचं एक प्रकरणही आहे. नव्या पिढीला ते ठाऊक असावं म्हणून लिहितो.

पंढरपुरात आपल्या मठामागच्या मोकळ्या जागेत आषाढीला राहुट्या पडतात. पंचवीसेक वर्षांमागं कार्तिकीला गेलो, तर तिथं पाया खणलेला. शेजारी म्हणाला, जागा माझी. तोही माळकरीच.

आपल्यात दोन मतं पडली. काही वडीलधारी म्हणाली, तुकोबारायांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, आणि आपण पंढरीत येऊन कोर्टाची पायरी चढायची? तेव्हा आपले विणेकरी बोलले, "महाराजांनी स्वतःच्या वाट्याची खतं बुडवली. भाऊ कान्होबांच्या वाट्याची त्यांना दिली. ही जागा तुमच्या-माझ्या वाट्याची नाही, दिंडीची आहे. ती बुडवायचा आपल्याला काय अधिकार?" वाद तिथंच मिटला.

वकीलसाहेबांनी समजावलं. दिवाणी दाव्यांच्या 1908 च्या कायद्यात ऑर्डर 39 आहे. तिच्याखाली निकाल लागेपर्यंत बांधकाम थांबवता येतं. कोर्ट तीन गोष्टी बघतं. सकृद्दर्शनी आपल्या म्हणण्यात तथ्य आहे का, हुकूम दिला-न दिला तर जास्त अडचण कुणाची, आणि पुढं पैशानं भरून न येणारं नुकसान होतंय का. वर भिंती उभ्या राहीपर्यंत गप्प बसलं, तर कोर्ट विचारणारच, इतके दिवस कुठं होता?

मग कागदांची शोधाशोध. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा उतारा होता, घरपट्टीच्या पावत्या होत्या. पण खरी कामाला आली दिंडीची जुनी वही. कुठल्या वारीला त्या जागेत किती माणसं उतरली, सारवायला, मांडवाला काय खर्च आला, सगळं वर्षावर्षानं लिहिलेलं.

आधी तूर्तातूर्त मनाई मिळाली. शेजाऱ्याचं म्हणणं ऐकून कोर्टानं ती पुढं कायम केली. काही पोरं गुलाल आणायला निघाली, त्यांना थांबवलं. मनाई म्हणजे जिंकणं नव्हे. कुदळ थांबली एवढंच, मालकी ठरायची होती.

मूळ दावा बरीच वर्षं चालला. शेवटी सरकारी मोजणी झाली, दोघांनी हद्द मान्य केली. आपल्या वापरातली चार हात जागा त्याची निघाली. ती आपण सोडली. त्याच्या वाट्याचं त्याला.

म्हणून मंडळी, दिंडीची वही लिहायची सोडू नका. तीही सेवाच आहे.