शालेय परसबाग

शालेय परसबाग म्हणजे शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी शिक्षक व पालकांच्या साहाय्याने केलेली भाजीपाल्याची व फळझाडांची बाग होय. घरामागील मोकळ्या जागेस मराठीत परस म्हणतात. त्या जागेतील बाग ती परसबाग. शासकीय लेखनात 'शालेय पोषण बाग' अशीही संज्ञा आढळते. माध्यान्ह भोजनास ताजी भाजी पुरवणे हा अशा बागेचा एक हेतू आहे. सकस अन्न पिकवण्याचे ज्ञान मुलांमार्फत घरोघरी पोहोचवणे हा दुसरा आणि अधिक दूरगामी हेतू होय.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींच्या 'नई तालीम' या विचारावर चर्चा झाली. हाताने केलेल्या उत्पादक कामातून शिक्षण द्यावे, असे तिचे सूत्र होते. पुढे शाळांत आलेल्या मूलोद्योगांत सूतकताईबरोबर शेती व बागकामाचाही समावेश होता. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ मध्ये माध्यान्ह भोजन योजनेस 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे नाव देण्यात आले. तीतही या बागांना स्थान आहे.

गरज

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. ही बालके शाळेत जाण्याच्या वयाची नसतात. ती शाळकरी मुलांची घरातील धाकटी भावंडे असतात. त्यामुळे शाळेतील वाफा घराच्या अंगणापर्यंत पोहोचला, तरच त्याचा लाभ या वयोगटास मिळू शकतो.

लागवड

भरपूर ऊन येणारी व पाण्याजवळची जागा निवडतात. मेथी साधारण महिनाभरात, तर भेंडी व गवार दीड महिन्याच्या सुमारास काढणीस येते. पालक, माठ, अंबाडी व चुका या पालेभाज्या वाफ्यांत, तर दोडका, कारले, दुधी भोपळा व वाल हे वेल कुंपणावर किंवा मांडवावर घेतात. शेवगा, कढीपत्ता, पपई व लिंबू कडेला लावतात. पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही; लिंबातील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. म्हणून बागेत लिंबाचे झाड असण्याला आहारदृष्ट्याही महत्त्व आहे. हात धुण्याच्या जागेचे सांडपाणी अळू व केळीस देता येते. पालापाचोळ्याचे खत करतात आणि किडीसाठी लिंबोळी अर्क फवारतात.

शाळेतून घरी

वाफा मोजताना क्षेत्रफळ, बी रुजताना अंकुरण आणि काढणीच्या वेळी वजने हे पाठ्यविषय प्रत्यक्ष कृतीतून शिकता येतात. रोपे व बी घरी नेऊन मुले कुंडीत, डब्यात किंवा न्हाणीजवळच्या जागेत ती लावतात. देशी वाणांचे बी धरून पुढील हंगामात पेरता येते. संकरित वाणाच्या बियांपासून मूळ गुणांचे पीक येईलच असे नसते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शालेय शिक्षण न घेताही देशी भाज्यांची बीजपेढी उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे असे पारंपरिक ज्ञान शाळेपर्यंत आणता आले, तर शिकण्याचा हा प्रवाह दुहेरी होतो.

मर्यादा

शासकीय प्रमाणानुसार प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलास भोजनात रोज ५० ग्रॅम, तर उच्च प्राथमिक वर्गात ७५ ग्रॅम भाजी द्यावयाची असते. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेस त्यासाठी दररोज ५ किलो भाजी लागते. लहानशा बागेतून इतके उत्पन्न वर्षभर मिळणे कठीण असल्याने ती बाजारातील भाजीस पूरक ठरते, पर्याय नव्हे. पाण्याची टंचाई, आवारास कुंपण नसणे व मोकाट जनावरे या नेहमीच्या अडचणी आहेत. सर्वांत मोठा खंड उन्हाळी सुटीत पडतो. ज्या ठिकाणी गावातील पालक किंवा महिला बचत गट आळीपाळीने पाणी घालतात, तेथे बाग टिकते. पावसाळ्यात शाळा सुरू होताच पेरणी करून पुढील मार्चपर्यंत हंगाम आखणे, हा दुसरा उपाय होय.

हे सुद्धा पहा

परसबाग, नई तालीम, सेंद्रिय शेती, रक्तक्षय