फारसी सनदा आणि आपली देवस्थाने

खानवेल ज्या नगर हवेली परगण्यात वसले आहे, तो मराठ्यांनी १७८३ मध्ये पोर्तुगीजांच्या हवाली केला आणि १९५४ मध्ये तो मुक्त झाला, हे सर्वश्रुत आहे. तथापि ‘हवेली’ या नावाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मुसलमानी अमदानीत ठाण्याच्या गावाभोवतीच्या मुलखास हवेली म्हणत. पुण्याचा हवेली तालुका त्याच परिभाषेतला. परगणा, दफ्तर, सनद, इनाम हे शब्दही तेथलेच. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश रचवून अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी ते आपल्या बोलण्यातून गेले नाहीत.

शब्दांप्रमाणेच कागदांचे आहे. त्या अमदानीत देवळे पडली, तशीच देवस्थानांना इनामेही मिळाली. चिंचवडच्या देव घराण्याच्या इनामांस मुसलमानी सनदांचाही आधार होता. आदिलशाही फर्मानांत तर पुष्कळदा फारसी मजकुराखाली मोडीत मराठी तर्जुमा आढळतो. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामांची चौकशी आरंभली, तेव्हा हाच जुना कागद हक्काचा पुरावा ठरला.

असे कागद पेटीत राहिले तर कसर लागते. बाजारात गेले तर मूळ ठिकाण कळत नाही. म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मराठा इतिहास संग्रहालयाचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये तेथे आला. त्यात मराठी कागदांच्या शेजारी फारसी कागदही आहेत. त्याच काळात त्या संस्थेत डॉ. चगताई हे मुसलमानी शिलालेखांचा अभ्यास करीत होते. मुंबई विद्यापीठानेही आपल्या ग्रंथालयातील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ मध्ये, आणि आसफ फैजी यांनी दिलेल्या इस्माइली हस्तलिखितांची १९६५ मध्ये प्रसिद्ध केली.

वस्तू जपण्याचे काम कोणतेही संग्रहालय करील. परंतु ती वाचणारा माणूस तयार करणे विद्यापीठासच साधते. शिकस्ता लिपी वाचणारा उरला नाही, तर जपलेली सनदही मुकीच राहते. ज्या देवस्थानांच्या दप्तरी असे कागद असतील, त्यांच्या विश्वस्तांनी ते अभ्यासकांस दाखवावे व त्यांच्या नकला ठेवून घ्याव्या. इस्लामी वारशाचे जतन हे परक्याचे काम नव्हे. आपल्या देवळाच्या इतिहासाचे एक पान त्याच लिपीत लिहिलेले आहे.